शहरात इनिशिएटिव्ह आणायचाय आणि दारात पाटी लावायचीय: आधी काय, मग काय

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅलिफोर्नियातल्या बे एरियातल्या एका छोट्या शहरात राहणाऱ्या एका ताईंच्या वस्तीजवळ, हायवेच्या कडेला, डिजिटल होर्डिंगं उभी करायला परवानगी देण्याचा कौन्सिलचा विचार चालू आहे. शेजारीपाजारी मिळून ‘शहरात नवी डिजिटल होर्डिंगं नकोत’ असा कायदा सह्या जमवून थेट मतदारांपुढे न्यायचा, म्हणजे इनिशिएटिव्ह आणायचा म्हणताहेत. त्यासाठी कुठले कागद, कुठे, कोणत्या क्रमाने द्यायचे? आणि सह्या गोळा करण्याच्या काळात घरासमोर पाट्या लावल्या तर शहर, एचओए (वसाहतीतल्या घरधारकांची संघटना) किंवा घरमालक अडवू शकतात का?

मी वकील नाही. कॅलिफोर्नियातल्या छोट्या शहरांमधल्या अशा मोहिमांची कागदपत्रं आणि हिशेब सांभाळण्याचं काम मात्र बरीच वर्षं करतो आहे. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो: लोक आपल्या बाजूचे नसतात म्हणून अशा मोहिमा पडतात असं फार क्वचित होतं. कागदात काहीतरी राहून जातं आणि हजारो खऱ्या सह्या वाया जातात. ते पाहवत नाही, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

ताई, आधी हे तपासा की इनिशिएटिव्ह हेच तुमचं हत्यार आहे का. कॅलिफोर्नियाने १९११ साली मतदारांना इनिशिएटिव्ह (कायदा स्वतः मांडणं), रेफरेंडम (कौन्सिलने केलेला कायदा मतदानाला लावणं) आणि रिकॉल (निवडून आलेल्याला मुदतीआधी हटवणं) असे तीन अधिकार दिले. कौन्सिलने अजून काहीच मंजूर केलं नसेल तर इनिशिएटिव्ह ठीक आहे. होर्डिंगला परवानगी देणारा ऑर्डिनन्स (शहराचा कायदा) नुकताच मंजूर झाला असेल तर मात्र तुम्हाला रेफरेंडम लागेल, आणि त्यासाठी हातात फक्त ३० दिवस असतात. डिजिटल होर्डिंगची परवानगी पुष्कळदा कंपनीबरोबरच्या डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंटमधून दिली जाते. कायद्याने तो करार विधायक स्वरूपाचा निर्णय धरला जातो, त्यामुळे त्यावर रेफरेंडम करता येतो. एखादं परमिट देणं किंवा कंत्राटाची अंमलबजावणी करणं अशा प्रशासकीय कामांवर मात्र ना रेफरेंडम चालतो ना इनिशिएटिव्ह. म्हणून कौन्सिलच्या येत्या बैठकांच्या विषयपत्रिका आजच उघडून बघा.

आता मसुदा. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, पैसे खर्च करायचे असतील तर तेही इथेच. निवडणूक कायदा आणि पाट्यांचा कायदा दोन्ही जाणणाऱ्या वकिलाकडून मसुदा तपासून घ्या. दुसऱ्या शहराचा ऑर्डिनन्स उचलून नाव बदलण्याचा मोह टाळा.

कारण पाट्यांचा कायदा म्हणजे शेवटी बोलण्याच्या स्वातंत्र्याचा कायदा. १९८१ साली सुप्रीम कोर्टाने सॅन डिएगोचा होर्डिंगबंदीचा ऑर्डिनन्स रद्द केला. वाहतुकीची सुरक्षितता आणि शहराचं रूप यांसाठी व्यापारी होर्डिंगांवर बंदी घालायला हरकत नाही, असं बहुतेक न्यायमूर्तींचं मत होतं. पण दुकानाला आपल्या जागेत आपल्या मालाची जाहिरात करू द्यायची आणि त्याच जागी कुणाला सामाजिक किंवा राजकीय मत लिहू द्यायचं नाही, ही रचना टिकली नाही. तुमच्या मसुद्यात म्हणून एक कलम हवंच: जिथे व्यापारी मजकूर चालतो तिथे त्याऐवजी बिगरव्यापारी मजकूरही चालेल. एका ओळीचं हे कलम नसल्यामुळे अख्खा कायदा कोर्टात अडकू शकतो.

दुसरा निकाल २०१५ चा आहे. अ‍ॅरिझोनातल्या गिल्बर्ट या गावात एका छोट्या चर्चला प्रार्थनेची जागा दाखवणाऱ्या पाट्या लावायच्या होत्या. गावाच्या नियमात अशा दिशादर्शक पाटीला ६ चौरस फूट आणि प्रार्थनेआधीचे १२ तास व नंतरचा एक तास एवढीच मुभा होती. राजकीय पाटीला त्याहून मोठा आकार आणि जास्त मुदत, वैचारिक पाटीला तर मुदतच नाही. पाटीवर काय लिहिलंय ते वाचून कोणता नियम लावायचा हे ठरत असेल तर तो नियम मजकुरावर आधारलेला आहे आणि त्याला सर्वांत कडक कसोटी लागेल, असं कोर्टाने म्हटलं. नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी गावाच्या विरोधात निकाल दिला. पुढे २०२२ साली टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या प्रकरणात कोर्टाने थोडी मोकळीक दिली: पाटी त्याच जागेवरच्या धंद्याची आहे की बाहेरच्या, एवढाच फरक करणारा नियम तेवढ्याने मजकुरावर आधारलेला ठरत नाही. तेव्हा तुमच्या मसुद्यात आकार, उंची, प्रकाशाची तीव्रता, चित्र बदलण्याचा वेग, जागा यांवर बोला. ‘अमुक प्रकारची जाहिरात चालेल, तमुक नाही’ या वाटेला जाऊ नका.

तिसरी गोष्ट पैशाची. आधीपासून कायदेशीरपणे उभी असलेली होर्डिंगं पाडायला लावली तर कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार मालकाला भरपाई द्यावी लागते. ती शहराच्या तिजोरीतून जाईल, आणि विरोधक प्रचारात नेमका तोच आकडा नाचवतील. मसुदा ‘नवी नकोत’ एवढ्यावर ठेवा. सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी मार्च २००२ मध्ये प्रपोझिशन जी मंजूर करून नव्या जाहिरात-होर्डिंगांना बंदी घातली, तीही ‘नव्या’ होर्डिंगांना. तो मजकूर जरूर वाचा.

आणि मजकूर पूर्ण द्या. हेवर्ड शहरात जनरल प्लॅनमधली (शहराच्या वाढीच्या दीर्घकालीन आराखड्यातली) काही धोरणं कायम ठेवण्यासाठी इनिशिएटिव्ह आणला गेला होता. त्या धोरणांचा पूर्ण मजकूर पिटिशनला (लोक सह्या करतात त्या कागदाला) जोडला नाही म्हणून १९९८ मध्ये अपील कोर्टाने ते पिटिशन अवैध ठरवलं. तुम्ही शहराच्या कोडमधल्या एखाद्या कलमात बदल सुचवत असाल तर नुसता कलमाचा क्रमांक देऊन भागत नाही, मतदाराला सही करताना सगळं समोर दिसलं पाहिजे. मसुद्याची सुरुवातही ठरलेल्या वाक्याने होते, ‘अमुक शहराची जनता पुढीलप्रमाणे कायदा करत आहे’ अशा अर्थाच्या. ते राज्याच्या इलेक्शन्स कोडमध्ये (निवडणूक कायद्यात) इंग्रजीत दिलंय तसंच उतरवा.

दाखल करण्याचा क्रम साधा आहे, पण पायरी चुकवून चालत नाही. तुमचं शहर चार्टर सिटी (स्वतःची सनद असलेलं शहर) असेल तर आधी चार्टर वाचा, त्यात वेगळी पद्धत असू शकते. नसेल तर राज्याचा इलेक्शन्स कोड लागू होतो. कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त तीन प्रस्तावकांनी सही केलेली ‘सह्या गोळा करण्याचा इरादा’ सांगणारी नोटीस, कायद्याचा पूर्ण मजकूर, आणि शीर्षक व सारांश करून देण्याची विनंती, हे सगळं सिटी क्लर्ककडे द्यायचं. हवं असेल तर ५०० शब्दांपर्यंत कारणं जोडता येतात. शहर जास्तीत जास्त २०० डॉलर फी घेऊ शकतं. त्याच वेळी प्रस्तावकांनी आणखी एका निवेदनावर सही करायची असते: गोळा झालेल्या सह्या दुसऱ्या कुठल्याही कामासाठी वापरल्या तर तो गुन्हा आहे, हे आम्हाला माहीत आहे.

प्रस्तावक हाडामांसाची माणसं आणि शहराचे मतदारच असले पाहिजेत. चुला व्हिस्टा शहराच्या प्रकरणात २०१५ मध्ये नवव्या सर्किटच्या संघीय अपील कोर्टाच्या मोठ्या पीठाने ही अट कायम ठेवली. म्हणजे ‘आमचं मंडळ प्रस्तावक’ असं चालणार नाही. तुमचं महाराष्ट्र मंडळ करमुक्त धर्मादाय संस्था असेल, आणि बहुतेक असतंच, तर त्याला उमेदवाराचा प्रचार पूर्ण वर्ज्य आहे. मतदारांपुढच्या कायद्याचा प्रचार लॉबिइंग धरला जातो, तो मर्यादेत चालतो. तरी माझा सल्ला असा की गणपतीच्या वर्गणीचा हिशेब आणि या मोहिमेचा हिशेब एकमेकांच्या जवळही आणू नका.

क्लर्ककडून मजकूर शहराच्या वकिलाकडे, म्हणजे सिटी अ‍ॅटर्नीकडे जातो. १५ दिवसांत ते शीर्षक आणि सारांश देतात. तो निष्पक्ष असायला हवा. तुम्हाला तो एकांगी वाटला तर कोर्टात जाता येतं, पण रुचला नाही आणि चुकीचा आहे यांतला फरक शांतपणे बघा. १८० दिवसांचं घड्याळ सारांश हातात पडला त्या दिवशी सुरू होतं. लगेच सह्या मात्र सुरू करायच्या नाहीत. आधी नोटीस, शीर्षक आणि सारांश कोर्टाने मान्यता दिलेल्या स्थानिक वर्तमानपत्रात छापून आणायचे आणि छापल्याचा पुरावा दहा दिवसांत क्लर्ककडे द्यायचा. वर्तमानपत्र साप्ताहिक असेल तर इथेच आठवडा जातो. छापून येण्याआधी घेतलेली एकही सही धरू नका.

पिटिशनच्या प्रत्येक संचावर नोटीस, शीर्षक, सारांश आणि कायद्याचा पूर्ण मजकूर लागतो. सह्या गोळा करणारा पगारी असू शकतो की स्वयंसेवक, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे, ही ठरलेली सूचनाही लागते. छापखान्यात देण्याआधी दोन जणांनी कोडमधली कलमं समोर ठेवून ओळ न् ओळ तपासा. क्लर्क सहसा मदत करतात, वागायला चांगले असतात, पण ‘तुमचं पिटिशन बरोबर आहे’ असं ते सांगणार नाहीत आणि त्यांनी सांगूही नये. त्यांनी शिक्का मारून कागद ठेवून घेतला याचा अर्थ तो मिळाला, एवढाच.

किती सह्या? कायदा कौन्सिलपुढे नेण्यासाठी शहरातल्या नोंदणीकृत मतदारांच्या १० टक्के. नोटीस छापली त्या वेळी काउंटीने राज्याला दिलेल्या शेवटच्या अहवालातला आकडा धरतात. ३०,००० मतदार असतील तर ३,००० सह्या. मी किमान ३० टक्के जास्त गोळा करायला सांगतो, कारण बाद होणाऱ्या सह्या अगदी प्रामाणिक लोकांच्या असतात. घर बदललं पण नोंदणी बदलली नाही. घराच्या पत्त्याऐवजी पोस्ट बॉक्स लिहिला. नाव आणि पत्ता नवऱ्याने दोघांचा लिहून टाकला. कायदा म्हणतो प्रत्येकाने स्वतः लिहायचं. आणि सगळ्यात जास्त घोळ होतो तो शहराच्या हद्दीचा. वेस्ट सॅन होजेमधल्या कितीतरी घरांतली मुलं कुपर्टिनोच्या शाळांत जातात, रोजचं जगणं कुपर्टिनोचं, मत मात्र सॅन होजेचं. ‘तुम्ही या शहरात राहता का’ असं विचारू नका, ‘मतपत्रिकेवर कोणत्या शहराची कौन्सिल येते’ असं विचारा.

आपल्या लोकांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगतो. सही फक्त नोंदणीकृत मतदाराने करायची, म्हणजे अमेरिकन नागरिकाने. ग्रीन कार्ड किंवा एच-वन-बीवर असलेल्या कुणालाही उत्साहात ‘अरे, करून टाक ना सही’ म्हणू नका. नागरिक नसताना मतदार म्हणून नोंदणी झाली तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जावर आणि देशात राहण्यावरच गदा येऊ शकते. सह्या गोळा करणाऱ्याला मात्र वयाची १८ वर्षं एवढीच अट आहे, त्याने मतदार असणं गरजेचं नाही. त्याने प्रत्येक सही समोर झालेली पाहायची आणि शेवटी आपल्या हाताने तारखांसह प्रतिज्ञापत्र भरायचं. त्यातल्या तारखा चुकल्या की अख्खा संच वादात सापडतो.

उभं कुठे राहायचं? कॅम्पबेलमधल्या प्रूनयार्ड शॉपिंग सेंटरचं प्रकरण तुमच्या घरापासून फार लांबचं नाही. शाळकरी मुलांना तिथे सह्या गोळा करू दिल्या नाहीत, त्यावर कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने १९७९ मध्ये मुलांच्या बाजूने निकाल दिला आणि १९८० मध्ये देशाच्या सुप्रीम कोर्टाने तो कायम ठेवला. मोठ्या शॉपिंग सेंटरच्या सामायिक जागेत वेळ आणि जागेचे वाजवी नियम पाळून उभं राहता येतं. पण २०१२ च्या राल्फ्स दुकानाच्या निकालानंतर एखाद्या दुकानाच्या दारासमोरचा फुटपाथ यात धरला जात नाही. म्हणून इंडियन ग्रोसरीच्या दारात उभं राहायचं तर मालकाला विचारून राहा. शेतकरी बाजार, लायब्ररीबाहेरची मोकळी जागा, बागा हे त्याहून बरे.

सगळे संच एकाच वेळी, कार्यालयीन वेळेत द्यायचे. नंतर भर घालता येत नाही. तपासणीला शनिवार, रविवार आणि सुट्ट्या सोडून ३० दिवस मिळतात. सह्या ५०० पेक्षा जास्त असतील तर नमुना तपासता येतो, ५०० किंवा ३ टक्के, जे जास्त असेल ते. नमुन्यावरून काढलेला अंदाज लागणाऱ्या सह्यांच्या ११० टक्क्यांच्या वर गेला तर पास, ९५ च्या खाली गेला तर नापास, मधे आला तर एकूण एक सही तपासतात. एकाच माणसाची दुबार सही नमुन्यात सापडली तर गणितात तिचा भार फार मोठा लागतो. म्हणून रोज रात्री मतदारयादी घेऊन दुबार सह्या स्वतःच खोडा.

सह्या पुरेशा ठरल्या की कौन्सिलपुढे तीन वाटा असतात: कायदा एकही अक्षर न बदलता मंजूर करणं, निवडणुकीला पाठवणं, किंवा परिणामांचा अहवाल मागवणं, ज्याला ३० दिवस मिळतात. निवडणुकीचा आदेश मतदानाच्या किमान ८८ दिवस आधी झाला पाहिजे. पूर्वी १५ टक्के सह्यांवर खास निवडणूक मागता यायची. तो रस्ता २०१८ पासून बंद आहे, त्यावर लिहिलेली जुनी माहितीपत्रकं अजून फिरताहेत, त्यांच्यावर विसंबू नका. उलटं मोजलं तर नोव्हेंबरच्या मतदानासाठी सह्या मेच्या पहिल्या आठवड्याच्या आत, खरं तर एप्रिलमध्येच जमा झाल्या पाहिजेत. म्हणजे मसुद्याचं काम आदल्या उन्हाळ्यात सुरू करा.

आता पाट्या. तुमच्या प्रश्नातली खरी अडचण इथे आहे. सह्यांच्या काळात अजून निवडणूकच जाहीर झालेली नसते, आणि पाट्यांचे कितीतरी नियम ‘निवडणुकीच्या आधी इतके दिवस’ या भाषेत लिहिलेले असतात.

स्वतःच्या घरासमोर तुम्ही सगळ्यात भक्कम आहात. १९९४ मध्ये सेंट लुइसजवळच्या लादू गावाने एका बाईंच्या खिडकीतल्या आखाती युद्धविरोधी छोट्या पाटीला मनाई केली होती. सुप्रीम कोर्टाने एकमताने बाईंची बाजू घेतली. गिल्बर्टच्या निकालानंतर बहुतेक शहरांनी ‘तात्पुरत्या बिगरव्यापारी पाट्या’ असा एकच प्रकार केलाय आणि त्याला आकार, उंची, संख्या यांची मर्यादा ठेवली आहे. ती पाळा. तुमच्या शहराच्या कोडमध्ये अजून ‘राजकीय पाटी निवडणुकीआधी फक्त इतके दिवस’ असं कलम असेल तर भांडायला जाऊ नका. सिटी अ‍ॅटर्नीला २०१५ च्या निकालाचा उल्लेख करून एक सभ्य पत्र लिहा आणि ते कलम लागू करणार का ते लेखी विचारा.

एचओए? राज्याच्या सिव्हिल कोडनुसार मालकाच्या स्वतःच्या हद्दीत ९ चौरस फुटांपर्यंतच्या बिगरव्यापारी पाटीला आणि १५ चौरस फुटांपर्यंतच्या झेंड्याला किंवा बॅनरला एचओए सरसकट बंदी घालू शकत नाही. सामायिक हिरवळ तुमची हद्द नाही. काँडो असेल तर खिडकीत लावा. भाडेकरूंसाठीचं कलम तर तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. त्यात निवडणुकीबरोबर इनिशिएटिव्हच्या प्रक्रियेचाही स्पष्ट उल्लेख आहे. ६ चौरस फुटांपर्यंतची पाटी खिडकीत किंवा दारावर लावायला घरमालक मनाई करू शकत नाही. मुदतीचे नियम शहराचे असतील तर ते पाळायचे. नसतील तर मालक वाजवी मुदत घालू शकतो, पण मतदानाआधी किमान ९० आणि नंतर किमान १५ दिवस द्यावेच लागतात.

सार्वजनिक जागा मात्र विसरा. सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्ये लॉस एंजेलिसची विजेच्या खांबांवर आणि सार्वजनिक मालमत्तेवर पाट्या लावण्याची बंदी मान्य केली. कॅलिफोर्नियात परवानगीशिवाय सरकारी जागेवर पाटी लावणं हा फौजदारी गुन्हा आहे, खासगी जागेवर मालकाच्या संमतीशिवाय लावणंही. चौकातल्या खांबाला फ्लेक्स बांधायची पुण्या-मुंबईची सवय इथे आणू नका. फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधली गवताची पट्टी तुम्ही कापत असाल, पाणी घालत असाल, तरी ती बहुतेकदा शहराच्या ताब्यात असते. कधीकधी शहराची हद्द फुटपाथच्या आतही काही फूट येते. प्लॅनिंग खात्यातून आपल्या रस्त्याचा नकाशा मागा. कोपऱ्यावरच्या घरांनी गाडीवाल्याला आडवा रस्ता दिसेल एवढा त्रिकोण मोकळा सोडायचा.

हायवेवरून दिसणाऱ्या पाट्या अजून नकोतच. रस्त्याच्या कडेपासून ६६० फुटांच्या आत आणि हायवेवरून दिसेल अशा ठिकाणी तात्पुरत्या राजकीय पाटीला राज्य जी सूट देतं, ती ‘ठरलेल्या निवडणुकीत अमुक मत द्या’ म्हणणाऱ्या पाटीला आहे. सह्यांच्या काळातली पाटी त्यात बसत नाही. निवडणूक ठरल्यावर ९० दिवस आधीपासून, ३२ चौरस फुटांपर्यंत, कॅलट्रान्सकडे (राज्याच्या वाहतूक खात्याकडे) जबाबदारीचा फॉर्म भरून लावा आणि मतदानानंतर १० दिवसांत काढा. खांब पुरून मोठी पाटी उभी करायची असेल तर खणण्याआधी किमान दोन कामकाजाचे दिवस ८११ ला (जमिनीखालच्या तारा-नळ्या कुठे आहेत ते दाखवणाऱ्या सेवेला) कळवा.

शेवटी पैसा. वर्षभरात २,००० डॉलर जमले किंवा खर्च झाले की तुम्ही कायद्याच्या नजरेत कमिटी ठरता. सह्या गोळा करण्याचा खर्चही यात येतो. त्यानंतर १० दिवसांत फॉर्म ४१० (कमिटीची नोंदणी), मग ठरलेल्या तारखांना फॉर्म ४६० (जमाखर्चाचा अहवाल). १०० डॉलर किंवा जास्त रोख घ्यायचे नाहीत. तेवढे देणाऱ्याचं नाव, पत्ता, व्यवसाय आणि तो कुठे नोकरी करतो ते नोंदवायचं. पाटीवर खर्च कोणी केला ती ओळ ठरलेल्या आकारात लागते, म्हणून डिझाइन आधी एफपीपीसीच्या (निवडणुकीतल्या पैशावर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या आयोगाच्या) तक्त्याशी ताडून बघा. भारतातल्या नातेवाइकांकडून एक रुपयाही नको, कायद्याने बंदी आहे. एच-वन-बीवरच्या मित्राचा चेक घेण्याआधी एफपीपीसीच्या सल्ला विभागाला लेखी विचारा, ते फुकट उत्तर देतात. तोवर मी तरी असा चेक बँकेत भरत नाही.

मतदान झाल्यावर पाट्या उतरवा, देणी फेडा, खातं शून्यावर आणा, आणि मग कमिटी बंद केल्याचा ४१० आणि शेवटचा ४६० भरा. नाहीतर वार्षिक फी आणि फॉर्म मागे लागतात. सुरुवातीला भरलेले २०० डॉलरही मागून घ्या. नोटीस दिल्यापासून एका वर्षाच्या आत क्लर्कने सह्या पुरेशा असल्याचं प्रमाणित केलं असेल तर ते परत मिळतात, निवडणुकीचा निकाल काहीही लागला तरी.